पुण्याच्या माळ्यावरचा समुद्र

बालगंधर्वच्या कलादालनात वर्षात कधीही डोकावा, एखाद्या भिंतीवर कोकण हमखास भेटतं. ओहोटीत कलंडलेली होडी, ओल्या वाळूत तिचं प्रतिबिंब, मागे माडांची रांग आणि खाली उजव्या कोपऱ्यात सही. पुण्याला समुद्र नाही. पण महाराष्ट्राच्या किनाऱ्याची जेवढी जलरंगचित्रं या शहरातल्या लोकांनी केली असतील, तेवढी खुद्द किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी केली असतील असं मला वाटत नाही. शुक्रवारी रात्री ताम्हिणी नाहीतर वरंध उतरायचा, दोन दिवस हर्णै, श्रीवर्धन, मुरूड असं कुठंतरी उन्हातान्हात बसायचं आणि रविवारी कागदांचा गठ्ठा डिकीत टाकून घाट चढायचा, हा इथल्या लँडस्केपवाल्यांचा जुना शिरस्ता आहे.

मला बोलायचंय ते या गठ्ठ्याबद्दल. चित्रकार गेला की त्याची फ्रेम केलेली चित्रं कुणाच्या ना कुणाच्या दिवाणखान्यात टिकून राहतात. जागेवर बसून केलेले अभ्यास, म्हणजे क्वार्टर इंपिरियल (जलरंगाच्या मोठ्या कागदाच्या चतकोर) आकाराचे, कडेला पेन्सिलीनं काहीबाही खरडलेले, निम्म्यावर सोडलेले कागद, यांना मात्र वाली नसतो. ते आधी माळ्यावर जातात आणि मग रद्दीत. माझ्या मते या गठ्ठ्यांमध्ये सार्वजनिक ठेवा आहे आणि तो सांभाळायचं काम पुणे महापालिकेनं अंगावर घ्यावं. हे ऐकून ज्यांना हसू आलं असेल त्यांनी जरा थांबावं. एका नगरपालिकेनं हे शंभराहून अधिक वर्षांपूर्वी केलेलं आहे.

फ्रेंच चित्रकार युजेन बुदँ १८२४ साली नॉर्मंडीतल्या आँफ्लर या बंदरात जन्मला. सीन नदी समुद्राला मिळते तिथल्या खाडीच्या एका काठावर आँफ्लर, समोरच्या काठावर ल हाव्र. बाप खलाशी. पोरगंही लहान वयातच बापाबरोबर बोटीवर हरकाम्या म्हणून लागलं. पुढे ल हाव्रमध्ये त्यानं भागीदारीत वह्या-कागदांचं आणि फ्रेमा करायचं दुकान काढलं. किनाऱ्यावर येणारे चित्रकार त्या दुकानात आपली चित्रं फ्रेमला आणि विक्रीला ठेवायचे, मिये त्यातलाच एक. दुसऱ्यांच्या चित्रांना चौकटी ठोकता ठोकता याला स्वतःच रंगवायची ओढ लागली. १८५१ साली ल हाव्रच्या नगरपालिकेनं त्याला पॅरिसला जाऊन शिकण्यासाठी तीन वर्षांची शिष्यवृत्ती दिली. राजानं नाही, सरदारानं नाही; गोदी, गटारं आणि बाजार सांभाळणाऱ्या नगरपालिकेनं. शिष्यवृत्ती घेऊन तो दरबारी थाटाची चित्रं काढणारा कुणी बडा चित्रकार होऊन परतला नाही. परतला तो पुन्हा त्याच किनाऱ्यावर आकाश बघत बसायला.

बुदँचं खरं काम तिथे सुरू होतं. तो घराबाहेर, वाऱ्यात उभा राहून रंगवायचा. जागेवर मारलेले ब्रशचे तीन फटकारे ईझलपुढच्या दोन दिवसांच्या कष्टाहून मोलाचे, असं त्याचं मत होतं. पेस्टलचे छोटे छोटे कागद, त्यावर नुसते ढग आणि पाणी, आणि प्रत्येकावर नोंद: तारीख, वेळ, वारा. कवी बोदलेअरनं हे कागद त्याच्या खोलीत पाहिले आणि १८५९ च्या पॅरिसच्या प्रदर्शनावर लिहिताना प्रदर्शनात नसलेल्या या कागदांचं वर्णन केलं. ‘८ ऑक्टोबर, दुपारी बारा, वायव्येचा वारा’ अशी एक नोंद त्यानं उदाहरणादाखल दिली आहे. नोंदीवर हात ठेवून झाकली तरी ऋतू, घटका आणि वारा ओळखता येईल, असं तो म्हणतो. अर्थात बोदलेअरनं तिथेच हेही बजावलं होतं की ही टिपणं आहेत, यातून चित्र अजून व्हायचंय, आणि बुदँलाही ते पक्कं ठाऊक आहे. ते वाक्य माझ्या विरोधात जातं असं कुणाला वाटेल. मला तसं वाटत नाही, त्याकडे पुढे येतो.

याच ल हाव्रमध्ये एक टवाळ पोरगा लोकांची व्यंगचित्रं काढून दुकानाच्या काचेत लावायचा आणि बऱ्यापैकी पैसे कमवायचा. बुदँनं त्याला, तो आढेवेढे घेत असतानाही, उघड्यावर रंगवायला ओढून नेलं. तो क्लोद मोने, पुढे इम्प्रेशनिस्ट म्हणून गाजलेल्या चित्रकारांचा म्होरक्या. आपण चित्रकार झालो ते बुदँमुळे, हे त्यानं म्हातारपणीही कबूल केलं. १८७४ साली पॅरिसमध्ये इम्प्रेशनिस्टांचं पहिलं प्रदर्शन भरलं तेव्हा त्यात पन्नाशीचा बुदँही होता. कलेच्या इतिहासात त्याची जागा सहसा या एका परिच्छेदापुरतीच असते, मोनेच्या गुरूची. ती अपुरी आहे.

कारण बुदँनं किनाऱ्यावर आणखी एक गोष्ट केली जी त्याच्या आधी फारशी कुणी केली नव्हती. १८६३ साली रेल्वे त्रुव्हिल-दोव्हिलला पोहोचली आणि पॅरिसचे पैसेवाले लोक हवा खायला वाळूवर येऊ लागले. घेरदार झगे, छत्र्या, खुर्च्या, कुत्री. बुदँनं त्यांना रंगवलं. शेतकऱ्यांना रंगवणारे चित्रकार आहेत, मग संध्याकाळी धक्क्यावर फिरणाऱ्या या सुखवस्तू लोकांचा काय गुन्हा, असा त्याचा सवाल होता. ती चित्रं खपली. पुढे ब्रिटनीतल्या गरीब मच्छीमारांमध्ये राहून परतल्यावर हीच त्रुव्हिलची वाळू त्याला भयंकर सोंगाड्यांचा बाजार वाटली आणि तसं त्यानं पत्रात लिहिलं. त्रुव्हिललगतच्या तूक नदीवर धुणं धुणाऱ्या बायका त्यानं पुन्हा पुन्हा रंगवल्या, त्यामागे ही टोचणी नसेलच असं नाही. म्हणजे एकाच किनाऱ्यावरचे मजूरही त्याच्याकडे आहेत आणि पर्यटकही.

१८९८ साली तो दोव्हिलला, समुद्राच्या शेजारी वारला. दोनच वर्षांनी, १९०० साली, भाऊ लुईनं त्याच्या स्टुडिओत उरलेले दोनशेच्या वर अभ्यास ल हाव्रच्या संग्रहालयाला देऊन टाकले. आकाशं, गायी, शिडं, घेरदार झग्यातल्या बायकांचे नुसते ठिपके. बऱ्याच अभ्यासांवर सहीसुद्धा नाही. नगरपालिकेनं ते घेतले. १९४४ च्या बॉम्बफेकीत ल हाव्र शहर बेचिराख झालं, संग्रहालयाची इमारतही गेली. १९६१ साली समुद्राकडे तोंड करून काचेची नवी इमारत उभी राहिली आणि बुदँचे ते अभ्यास आज तिथे आहेत. नॉर्मंडीचा एकोणिसाव्या शतकातला किनारा कसा दिसत होता हे बघायचं तर लोक तिथे जातात. आणि त्याच्या विकल्या गेलेल्या, गुळगुळीत फिनिशच्या चित्रांपेक्षा हे अभ्यासच जास्त जिवंत वाटतात, असं सांगणारे जाणकार पुष्कळ आहेत.

आता आपल्याकडे या. पुण्यात सध्या रिडेव्हलपमेंटचा हंगाम आहे. सदाशिव पेठेपासून कोथरूडपर्यंत चाळीस-पन्नास वर्षांच्या सोसायट्या पाडल्या जाताहेत. बिल्डर भाडं देतो, लोक दोन वर्षांसाठी लहान जागेत जातात आणि जाताना माळे रिकामे करतात. अशाच एका आवराआवरीत एका परिचितांकडे मी मदतीला गेलो होतो. घरातले आजोबा हौशी चित्रकार. नोकरी सांभाळून आयुष्यभर रंगवत आलेले, फारसं नाव नसलेले. त्यांच्या गठ्ठ्यातला एक कागद मी बराच वेळ हातात धरून बसलो. हर्णैचं बंदर. लांबवर सुवर्णदुर्गाची आडवी रेघ, अलीकडे मासळीसाठी पाण्यात घातलेली बैलगाडी, बैलांचे पाय गुडघ्यापर्यंत पाण्यात. आकाशाचा वॉश (पाणीदार रंगाचा हात) खालपर्यंत ओघळून मचव्याच्या काठीत मिसळलेला, म्हणजे हवा इतकी दमट होती की कागद वाळेचना. बैलाच्या पाठीवर पांढरा कागद सोडलाय, तिथे ऊन पडलंय. रंगात वाळूचे दोन-चार कण कायमचे चिकटलेले, बोटाला लागतात. आणि मागे पेन्सिलीनं: ‘हर्णै, सकाळ, सुकती लागली. खारा वारा. तिसरी गाडी गेली.’ खाली तारीख.

कुटुंबाचं चुकतं असं मी म्हणणार नाही. वन-बीएचकेत आधीच आजींचं देवघर, नातवाची सायकल आणि फ्रीज मावत नाही. फ्रेम केलेली दोन चित्रं त्यांनी मानानं बरोबर घेतली. बाकी गठ्ठा कुणाला द्यायचा, हे सांगणारं या शहरात कुणी नाही. अडचण इतकी साधी आहे.

फ्रेममधली दोन चित्रं वाचली, गठ्ठा गेला, तर बिघडलं काय? बिघडलं असं की खोटं वाचलं आणि खरं गेलं. हे जरा कठोर वाटेल, पण आपल्या कोकणच्या चित्रांकडे एकदा नीट बघा. विक्रीच्या चित्रात किनारा रिकामा असतो. हर्णैच्या लिलावातली गर्दी नसते, प्लास्टिकचे क्रेट नसतात, बर्फाचे टेम्पो नसतात, धूपप्रतिबंधक बंधाऱ्याचे दगड नसतात, वाळूवर पुण्याचं पासिंग असलेली एसयूव्ही तर नसतेच नसते. फायबरची बोट असली तर ती रंगवताना लाकडाची होते. सोफ्यावरच्या भिंतीला शांत कोकण हवं असतं आणि चित्रकारालाही घर चालवायचं असतं. त्याला मी दोष देत नाही. बुदँनंही गिऱ्हाइकाला आवडतं म्हणून तीच तीच बंदरं रंगवली. पण जागेवर बसून केलेल्या अभ्यासात गाळायला वेळ मिळत नाही. भरतीचं पाणी पायाशी आलेलं असतं, समोर जे आहे ते उतरवून घ्यावं लागतं. क्रेट दिसला की क्रेट, कारण त्याचा निळा रंग होडीच्या तांबड्याशेजारी छान वाजतो. म्हणून त्या हर्णैच्या कागदावर तिसरी गाडी आहे. त्याच प्रसंगावरून पुढे काढलेल्या, फ्रेम केलेल्या चित्रात एकच गाडी होती, आणि ती मावळतीकडे चाललेली.

किनारा बदलतोय हे सांगायला कुणी तज्ज्ञ नको. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला आदळलं आणि नारळी-पोफळीच्या वाड्या दुपारच्या काही तासांत आडव्या झाल्या. पोफळीची वाडी नव्यानं उभी राहून उत्पन्न द्यायला वर्षं लागतात. त्या वाड्यांमधली दुपार, वरून गाळून येणारा हिरवा उजेड, पाटाचं पाणी, हे पुण्याच्या कितीतरी चित्रकारांनी २०२० च्या आधी जागेवर बसून रंगवलेलं आहे. ते कागद आज कुठे आहेत याची एकही यादी नाही.

‘फोटो आहेत की,’ असं लगेच कुणीतरी म्हणेल. आहेत. घरं किती होती, बंधारा कुठवर होता, हे मोजायला फोटोच बरा, तिथे चित्राचा हट्ट धरण्यात अर्थ नाही. पण फोटो काढणारा मिनिटभर थांबतो, चित्रकार दोन तास बसतो. त्या दोन तासांत ऊन सरकतं, पाणी चढतं, आणि काय टिपायचं याचा निवाडा त्याला करावा लागतो. जलरंगाचा कागद तर हवेचीच नोंद ठेवतो. कोरड्या पौषातल्या सकाळी वॉशच्या कडा कडक उमटतात. वैशाखात रंग पसरत राहतो, ढगाला कड म्हणून मिळत नाही. मुरलेला चित्रकार तारीख झाकून कागदावरून महिना सांगतो, अगदी बोदलेअरनं म्हटलं तसा.

आणि ही टिपणं आहेत, चित्रं नव्हेत, हा आक्षेप? मान्य. पण टिपणं जपायला पुण्यानं कधीपासून कमीपणा मानला? इतिहासाचार्य राजवाडे वाडे पालथे घालत हिंडले ते कुणाची महाकाव्यं शोधायला नव्हे. हिशेब, निवाडे, खाजगी पत्रं, वाळवीनं खाल्लेले रुमाल (कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे) यांच्यासाठी. १९१० साली भारत इतिहास संशोधक मंडळ निघालं ते त्याच कागदांच्या बळावर. दिनकर केळकरांनी अडकित्ते, दिवे आणि दरवाजे गोळा केले तेव्हा लोकांनी त्यांना वेड्यात काढलंच असणार. आज आपण पाहुण्यांना तेच दाखवायला नेतो. १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय पुण्यात आलं आणि पी. के. नायर गंजलेल्या डब्यांच्या मागे देशभर फिरले. जुने कागद, जुनी भांडी, जुनी फिल्म, सगळ्यांना या शहरानं छप्पर दिलं. चित्रकाराचा अभ्यास तेवढा उघड्यावर.

गंमत म्हणजे किनाऱ्याची बाकी सगळी नोंद पुण्यातच आहे. हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ साली सिमल्याहून इथे आलं, म्हणून शिवाजीनगरच्या त्या इमारतीला आजही सिमला ऑफिस म्हणतात. मुख्यालय पुढे दिल्लीला गेलं, पण देशभरच्या वेधशाळांच्या नोंदींचं भांडार पुण्यातच राहिलं. हर्णैचा पाऊस, रत्नागिरीचा वारा, सगळं आकड्यांत इथे जपलेलं आहे. खडकवासल्याच्या जल आणि विद्युत संशोधन केंद्रात १९१६ पासून पाण्याचा अभ्यास चालतो. बंदरांच्या लहान प्रतिकृती बनवून त्यावर लाटा सोडून पाहतात, मग किनाऱ्यावर बंधारा बांधतात. म्हणजे वाऱ्याचा वेग पुण्यात, लाटेची उंची पुण्यात. आणि त्याच वाऱ्यात त्याच लाटेसमोर बसून एका माणसाला काय दिसलं, तो कागद पुण्याच्या रद्दीत. बुदँची ‘वायव्येचा वारा’ ही नोंद सिमला ऑफिसातल्या कुणालाही वाचता आली असती.

महापालिकेचं नाव काढलं की लोक खड्ड्यांवर येतात. खड्डे बुजवता येत नाहीत, ते कागद काय सांभाळणार! या युक्तिवादानं शहरातलं एकही ग्रंथालय उभं राहिलं नसतं. शिवाय मी भव्य संग्रहालय मागत नाही. भव्य इमारतींचं आपल्याकडे काय होतं ते ठाऊक आहे: भूमिपूजन, कोनशिला, उद्घाटन आणि मग बंद पडलेली लिफ्ट. मागणी आहे ती एका कोरड्या खोलीची. नकाशे आडवे ठेवायला लोखंडी सपाट ड्रॉवर असतात तसे ड्रॉवर, आम्लरहित कागदाची पाकिटं, कसर आणि बुरशीवर नजर ठेवणारा एक प्रशिक्षित माणूस, एक मोठा स्कॅनर. औंधच्या पंतप्रतिनिधींनी एका छोट्या संस्थानात १९३८ साली चित्रांसाठी संग्रहालय उभारलं. कोल्हापुरात चंद्रकांत मांडरे यांनी घर आणि आपली निसर्गचित्रं दोन्ही दिली आणि राजारामपुरीत त्याचं संग्रहालय झालं. लोकांना सिनेमातले चंद्रकांत आठवत असतील. त्या घरात गेलं की निसर्गचित्रकार मांडरे भेटतात. एवढ्या मोठ्या पुण्याला एक खोली जड नाही.

खरा पेच वेगळा आहे: कुणाचे कागद घ्यायचे? समिती नेमली की गट पडतात. अमुक मास्तरांचे विद्यार्थी, तमुक संस्थेचे सभासद, आणि ज्याची नगरसेवकाकडे ऊठबस त्याचे गठ्ठे आधी. हे होणारच. म्हणून निकष चित्रकाराचा ठेवू नये, कागदाचा ठेवावा. ज्या कागदावर ठिकाण आणि तारीख आहे, किंवा खात्रीनं लावता येते, तो घ्यावा. मग चित्रकार नावाजलेला असो की बँकेतून निवृत्त झालेला हौशी. सही पाहूच नये, पाठ पाहावी. यात बरेच सुमार कागद येतील, येऊ देत. मंडळातल्या रुमालांतही सगळीच पत्रं काही थोरल्या बाजीरावांची नाहीत. उलट या नियमानं काही नामवंतांची पंचाईत होईल, कारण डेमोमध्ये तीच कलंडलेली होडी आठवणीतून शंभरदा काढणाऱ्याकडे पाठीवर लिहिण्यासारखं काही नसतं. आणि आज जे तरुण रंगवताहेत त्यांना मागे चार ओळी खरडायची सवय लागली, तर तोही फायदाच.

‘मग हे कागद रत्नागिरीला का नको?’ हा प्रश्न कोकणातल्या माणसानं विचारला तर तो रास्त आहे. किनारा त्यांचा, घाम त्यांचा, आणि कागदावर मालकी पुणेकरांची, हे खटकायलाच हवं. दोन गोष्टी सांगता येतील. एक म्हणजे गठ्ठे आज पुण्याच्या माळ्यांवर आहेत आणि पाडापाडी आत्ता चालू आहे, तेव्हा वाचवायचे तर इथेच वाचवावे लागतील. आणि किनाऱ्याच्या दमट हवेत कागदाला बुरशी लवकर धरते, पुण्याची कोरडी हवा त्याला मानवते. पण स्कॅन केलेली प्रत्येक प्रत कोकणातल्या नगर वाचनालयांना फुकट मिळाली पाहिजे, आणि हर्णैच्या कोळणीला तिच्या सासूची बैलगाडी त्यात ओळखता आली तर ते नाव नोंदीत चढलं पाहिजे. उद्या तिकडे चांगली, कोरडी जागा उभी राहिली तर मूळ कागदही द्यावेत. पुण्यानं त्यावर नाग होऊन बसू नये.

वारसांची धास्ती असते ती हक्कांची. आपल्या कायद्यात चित्रावरचा कॉपीराइट चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो, तो वारसांकडेच राहू द्यावा. महापालिकेनं फक्त कागद घ्यावा, पोचपावती द्यावी, आणि संशोधनासाठी व शाळांसाठी दाखवायची परवानगी लिहून घ्यावी. करारनामा दोन पानांत बसेल. खोली मिळायला, ड्रॉवर यायला, निविदा निघायला वेळ लागेल हे मान्य. पण तोवर थांबायची गरज नाही. रिडेव्हलपमेंटला निघालेल्या सोसायटीच्या नोटीस बोर्डावर पॅकर्स-मूव्हर्सच्या जाहिरातीशेजारी एक फोन नंबर लावायला निविदा लागत नाही. ‘घरात चित्रांचे जुने कागद असतील तर टाकण्याआधी कळवा’, एवढंच त्यावर. उचलायला रिक्षा लागेल, ठेवायला तात्पुरती कुठल्याही क्षेत्रीय कार्यालयातली दोन कपाटं लागतील. हे या पावसाळ्याआधी जमण्यासारखं आहे, कारण माळे रिकामे होतात ते बहुतेक उन्हाळ्याच्या सुट्टीत.